अकरावीला अर्थशास्त्र हवे आहे? ऑनलाइन प्रवेश अर्ज असा भरा

महाराष्ट्रात अकरावीच्या ऑनलाइन अर्जात 'अर्थशास्त्र' निवडण्याची सोय नाही. अर्जात निवडायची असते ती शाखा आणि कॉलेज. विषय ठरतात प्रवेश पक्का करताना, कॉलेजच्या फॉर्मवर. ही गोष्ट लक्षात न घेता नुसते कटऑफ बघून पसंतीक्रम भरले, की कलेचा प्रवेश मिळतो आणि मग कळते की त्या कॉलेजात अर्थशास्त्राची तुकडीच नाही, किंवा आहे पण हव्या त्या दुसऱ्या विषयासोबत घेता येत नाही. म्हणून अर्ज उघडण्याआधी विषयांचा शोध घ्यावा, तोही कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतून किंवा थेट कार्यालयात विचारून.

वाणिज्य शाखेत फारशी चिंता नाही. अर्थशास्त्र, पुस्तपालन व लेखाकर्म आणि वाणिज्य संघटन हे विषय जवळपास सगळीकडे असतातच. प्रश्न येतो गणिताचा. बऱ्याच कॉलेजांत गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती यांपैकी एकच घेता येते आणि गणिताच्या जागा मर्यादित असतात. पुढे पदवीला अर्थशास्त्रच करायचे मनात असेल, तर गणित सोडू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या बीए ऑनर्स अर्थशास्त्रासाठी सीयूईटी या केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो, आणि इतर ठिकाणीही पदवीच्या पहिल्या वर्षापासून कलन आणि संख्याशास्त्र समोर येते. बायफोकल (द्विलक्षी, म्हणजे व्यवसायाशी निगडित) विषय घेणार असाल, तर तो दोनशे गुणांचा असतो आणि त्याच्या बदल्यात दोन विषय सुटतात. कोणते सुटतात ते आधी विचारा.

कला शाखेत मात्र कॉलेज विषयांचे गट ठरवून देते. एका गटात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास. दुसऱ्यात मानसशास्त्र, समाजशास्त्र, तर्कशास्त्र, अशी मांडणी असू शकते. मंडळाच्या विषययादीत कला व विज्ञानासाठी एकच गणित आहे (सांकेतांक ४०), वाणिज्याचे वेगळे (८८). म्हणजे कलेत राहून अर्थशास्त्रासोबत गणित घेणे नियमात बसते, पण ते शिकवणारे कॉलेज शोधावे लागते.

पात्रता सोपी आहे: दहावी उत्तीर्ण. अर्थशास्त्रासाठी दहावीत अमुक विषय किंवा अमुक गुण हवेत, अशी अट नाही. राज्य मंडळाच्या दहावीत एक किंवा दोन विषय राहिले असतील, तर एटीकेटीवर (राहिलेले विषय बाकी ठेवून पुढच्या वर्गात जाण्याची सवलत) अकरावीत प्रवेश घेता येतो. राहिलेले विषय नंतर सोडवावे लागतात.

२०२५-२६ पासून ही केंद्रीय ऑनलाइन पद्धत संपूर्ण राज्यात लागू झाली. त्या वर्षी नोंदणी शुल्क १०० रुपये होते. अर्जाचे दोन भाग असतात. भाग १ मध्ये वैयक्तिक माहिती, दहावीचे गुण आणि आरक्षणाचा तपशील भरायचा. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांचे गुण बैठक क्रमांकावरून आपोआप येतात. सीबीएसई, आयसीएसईच्या विद्यार्थ्यांना ते स्वतः भरावे लागतात. नंतर शाळा किंवा मार्गदर्शन केंद्र अर्ज तपासून प्रमाणित करते. नुसता अर्ज भरून चालत नाही. लॉगिनमध्ये तो प्रमाणित झाल्याचे दिसेपर्यंत पाठपुरावा करा, कारण त्याशिवाय जागावाटपाच्या फेरीत नाव येत नाही.

भाग २ म्हणजे पसंतीक्रम: किमान १, जास्तीत जास्त १०. प्रत्येक पर्याय म्हणजे कॉलेज, शाखा, माध्यम आणि अनुदानाचा प्रकार यांची मिळून एक जोडणी. एकाच इमारतीतली अनुदानित मराठी वाणिज्य तुकडी आणि विनाअनुदानित इंग्रजी तुकडी हे दोन वेगळे पर्याय असतात, फीसुद्धा वेगळी. यादीत कॉलेजचे नाव दिसले की घाईने निवडले जाते आणि माध्यम किंवा फी बघायची राहून जाते. अर्थशास्त्राचे राज्य मंडळाचे पुस्तक मराठीतही मिळते, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांनी केवळ पुस्तकाच्या काळजीने माध्यम बदलण्याचे कारण नाही.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे पहिला पर्याय. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घेणे बंधनकारक असते. घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद होते आणि उरलेल्या जागांच्या शेवटच्या फेरीची वाट बघावी लागते. दुसऱ्या ते दहाव्या क्रमांकाचे कॉलेज मिळाल्यास मात्र थांबून पुढच्या फेरीत जाता येते. म्हणून ज्या कॉलेजात अर्थशास्त्र आणि तुमचा जोडविषय दोन्ही नक्की मिळतात, तेच पहिल्या क्रमांकावर घाला. मैत्रीण तिथे जातेय किंवा नाव मोठे आहे, एवढ्यावर पहिला क्रमांक देऊ नये. कोट्यातून (व्यवस्थापन, इनहाऊस म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतले विद्यार्थी, अल्पसंख्याक) प्रवेश घेतला, तरीही नियमित फेऱ्यांचा मार्ग बंद होतो.

जागा मिळाल्यावर विद्यार्थी लॉगिनमध्ये 'प्रोसीड फॉर अॅडमिशन' दाबून, दिलेल्या मुदतीत कॉलेजात कागदपत्रे आणि फी द्यायची. दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला सर्वांनाच लागतो. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांकडून कॉलेज मायग्रेशन सर्टिफिकेटही मागते. आरक्षणातून अर्ज केला असेल तर जातीचा दाखला, आणि विमुक्त जाती (विजा), भटक्या जमाती (भज), विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र), इतर मागास वर्ग (इमाव) आणि सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग (एसईबीसी) यांना त्यासोबत नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. अडचण बहुधा इथेच येते: नॉन-क्रीमी लेयरची वैधता ३१ मार्चला संपते आणि प्रवेश त्यानंतर होतात, त्यामुळे गेल्या वर्षीचा दाखला बाद ठरू शकतो. दाखल्यावरची तारीख दहावीची परीक्षा संपताच बघा. आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातले हवे. केंद्राच्या नोकऱ्यांसाठीचा नमुना वेगळा असतो. दाखल्यावरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव अक्षरशः जुळते का, तेही तपासा.

आता विषयाचा फॉर्म. कॉलेज प्रवेशाच्या वेळीच विषय लिहून घेते. तिथे 'अर्थशास्त्र ४९' असे सांकेतांकासह लिहा आणि पावतीची किंवा फॉर्मची प्रत ठेवा. वर्ग सुरू झाल्यावर विषय बदलायचा असेल तर प्राचार्यांकडे लेखी अर्ज पहिल्या काही आठवड्यांतच द्या. तुकडी भरली की नकार मिळतो. अर्थशास्त्राचा लेखी पेपर ८० गुणांचा आणि उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, त्यामुळे उशिरा आलेल्याचे प्रकल्पाचे गुणही अडतात.

बारावीत कॉलेज मंडळाचे परीक्षा अर्ज भरते आणि त्याची प्री-लिस्ट (भरलेल्या माहितीची तपासणीसाठीची छापील यादी) विद्यार्थ्यांना सहीसाठी दाखवते. सही करण्याआधी विषयांच्या सांकेतांकावर बोट ठेवून वाचा. पुस्तपालनाचा सांकेतांक ५० आहे, अर्थशास्त्राच्या लगेच पुढचा. माध्यमाची नोंद त्याच ओळीत असते. चूक दिसली तर तिथेच लाल शाईने दुरुस्त करून लिपिकाला दाखवा. हॉलतिकिटावर चुकीचा विषय छापून आल्यावर दुरुस्तीसाठी कॉलेजमार्फत विभागीय मंडळाकडे जावे लागते, आणि तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते.