डिस्क कोटा आणि कॉम्प्रेशन

अनेकांनी मिळून वापरायच्या साठवणीवर प्रत्येक युजरला, गटाला किंवा फोल्डरला आखून दिलेली जागेची मर्यादा म्हणजे डिस्क कोटा. फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली कुठे आणि कशा ठेवायच्या हे पाहणारी यंत्रणा, स्वतःच फाइली आवळून (कॉम्प्रेस करून) ठेवू लागली की एकाच फाइलला दोन आकार येतात. एक वाचणाऱ्याला दिसणारा मूळ आकार, दुसरा डिस्कवर खरोखर व्यापलेल्या जागेचा. कोट्यातून यांपैकी कोणता वजा करायचा, हे प्रत्येक फाइल सिस्टिमने आपापल्या परीने ठरवले आहे. ते ठाऊक नसेल तर ‘तुम्हाला ५० जीबी’ या वाक्यावरून काहीच कळत नाही.

कोट्याची व्यवस्था फाइल सिस्टिममधल्या कॉम्प्रेशनपेक्षा जुनी आहे. मेलबर्न विद्यापीठातील रॉबर्ट एल्झ यांनी लिहिलेली कोटा यंत्रणा १९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये आली. सॉफ्ट लिमिट ओलांडली की इशारा आणि काही दिवसांची सवलत, हार्ड लिमिट गाठली की लेखन बंद, ही तिची रीत लिनक्समध्ये अजून चालते. ती ब्लॉक, म्हणजे डिस्कवरच्या जागेचे ठरावीक तुकडे, मोजते. मधे पोकळी असलेल्या फाइली सोडल्या, तर तेव्हा आकार आणि व्यापलेले ब्लॉक यांत फारसा फरक नसे, त्यामुळे काय मोजायचे हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

विंडोज २००० मध्ये एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमला कोटा मिळाला तेव्हा कॉम्प्रेशन तिथे आधीपासून होते. मायक्रोसॉफ्टने मूळ आकार मोजायचे ठरवले. ५० एमबीची फाइल आवळून ४० एमबीची झाली, तरी मालकाच्या कोट्यातून ५० एमबीच जातात. यामुळे हिशेब स्थिर राहतो. कोणी फोल्डरचे कॉम्प्रेशन चालू केले किंवा बंद केले, तरी आकडा हलत नाही. वाचलेली जागा मात्र सगळी संस्थेच्या पदरात पडते. कोटा भरत आला म्हणून फाइली कॉम्प्रेस करणाऱ्याला त्यातून काहीही परत मिळत नाही. विंडोज सर्व्हर २००३ आर२ पासून मिळणारा फाइल सर्व्हर रिसोर्स मॅनेजर फोल्डरनिहाय कोटा ठेवतो आणि तो प्रत्यक्ष व्यापलेली जागा मोजतो. एकाच सर्व्हरवर हे दोन्ही कोटे चालू असले की आकडे जुळत नाहीत, आणि ते जुळण्याची अपेक्षाही धरू नये.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेल्या झेडएफएस या फाइल सिस्टिमने उलट बाजू घेतली. तिथे आवळून झाल्यावर जेवढी जागा लागली तेवढीच कोट्यातून जाते, आणि मूळ आकार वेगळ्या नोंदीत दिसतो. लिनक्सवरील बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमचा कोटाही आवळलेलाच आकार धरतो. मात्र झेडएफएसमध्ये एकसारखे ब्लॉक एकदाच ठेवणारे डीडुप्लिकेशन चालू असेल, तर त्यातून वाचलेली जागा युजरच्या खात्यात जमा होत नाही. दहा जणांनी तीच फाइल ठेवली तर दहाही जणांच्या कोट्यातून ती जाते. हे योग्यच आहे, नाहीतर एकाने आपली प्रत पुसल्यावर दुसऱ्याचा कोटा अचानक भरला असता.

प्रत्यक्ष जागा मोजण्यातली खरी अडचण लिहितानाची आहे. मजकूर किती आवळला जाईल हे तो आवळल्याशिवाय कळत नाही, आणि झेडएफएस लेखन काही सेकंद साठवून मग एकत्र डिस्कवर उतरवते. म्हणून लिहिल्या लिहिल्या व्यापलेली जागा दाखवणारी ‘डीयू’ ही आज्ञा चालवली तर आकडा कमी दिसतो, आणि युजर-कोटा ओलांडल्यानंतरही थोडे लेखन निसटून जाऊ शकते. याहून बोचरी गोष्ट डेटाबेसची. शून्यांनी भरलेली १० जीबीची फाइल आधी तयार करून ठेवली तर ती जवळजवळ काहीच जागा घेत नाही. पुढे त्याच फाइलीत खरी माहिती भरू लागले की, फाइलची लांबी एका बाइटनेही वाढलेली नसताना, ‘कोटा संपला’ म्हणून लेखन थांबते. जागा आधीच राखून ठेवली, असे मानणाऱ्या प्रोग्रॅमला याची कल्पना नसते.

फ्लॅश मेमरीसाठी बनवलेल्या एफटूएफएस या फाइल सिस्टिमची तऱ्हा आणखी वेगळी. फ्लॅश मेमरीवरचे लेखन कमी करून तिचे आयुष्य वाढवणे हा तिच्यातील कॉम्प्रेशनचा हेतू आहे. वाचलेले ब्लॉक मुळात राखीवच राहतात आणि वेगळी आज्ञा दिल्याशिवाय मोकळे होत नाहीत.

पुण्यात सामायिक साठवण संशोधनाच्या रोजच्या कामात असते. १९८८ मध्ये स्थापन झालेली संगणन संस्था सी-डॅक, विद्यापीठाच्या आवारातील खगोलशास्त्राची आयुका, पाषाणची हवामानशास्त्राची आयआयटीएम, परम ब्रह्म हा महासंगणक असलेली विज्ञान संस्था आयसर ही त्यातली ठळक नावे. या शहरात आणि परिसरात तयार होणारी माहिती एका जातीची नाही, आणि कोट्याचा न्याय तिथेच कसाला लागतो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतील ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना जे टिपतात त्यात बहुतांश गोंगाट असतो. असा डेटा मूळ बाइट जशाच्या तशा राखून फारसा आवळता येत नाही. हवामानाच्या नेटसीडीएफ-४ फाइलीत आतल्या आत कॉम्प्रेशन केलेले असेल, तर फाइल सिस्टिमच्या हाती काही उरत नाही. पोथ्यांची जेपीईजी छायाचित्रेही तशीच. मराठी मजकुराचे याच्या अगदी उलट. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि त्यांतल्या पहिल्या दोन बाइटांच्या जोड्या दोनच आहेत. त्या पानोपानी पुन्हा पुन्हा येत असल्याने असा मजकूर उत्तम आवळला जातो. समान कोटा दिला आणि प्रत्यक्ष जागा मोजली, तर मराठी शब्दसंग्रहावर काम करणाऱ्याला रेडिओ खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षा कितीतरी अधिक फाइली ठेवता येतात. मूळ आकार मोजला तर दोघे बरोबरीत येतात, पण मराठीचा अभ्यासक इंग्रजीच्या अभ्यासकापुढे मागे पडतो, कारण इंग्रजी अक्षराला एकच बाइट पुरते.

म्हणून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मूळ आकाराचा कोटा बरा, कारण विद्यार्थ्याला ‘एलएस’ या फाइलींची यादी देणाऱ्या आज्ञेत दिसणाऱ्या आकड्यांची बेरीज करून आपला हिशेब लावता येतो. डिस्कचा खर्च प्रकल्पाच्या अनुदानातून भरणाऱ्या संशोधनगटाकडून मात्र व्यापलेल्या जागेपेक्षा जास्त वसूल करणे अन्यायाचे आहे. कोणतीही पद्धत असली तरी खाते उघडून देतानाच ती लेखी सांगायला हवी. झेडएफएसवर ३० जीबी दिसणारे फोल्डर घरी नेण्यासाठी एक्सफॅटच्या (फाइली न आवळणाऱ्या फाइल सिस्टिमच्या) पोर्टेबल डिस्कवर उतरवताना ८० जीबी मागू शकते, आणि प्रबंध जमा करण्याच्या आठवड्यात ही गोष्ट पहिल्यांदा कळणे कोणाच्याच वाट्याला येऊ नये.