सिंथेटिक इंजिन ऑइल : श्यानता टिकवणाऱ्या तेलाची निवड

जोराच्या, सलग वापरात तापूनही बेअरिंगमधला वंगणाचा थर पुरेसा जाड राखणारे इंजिन तेल निवडण्याची पद्धत. गोवा-कोकणातून बेळगावकडे परतताना चोर्ला, अनमोड किंवा आंबोली घाट चढणारे वाहन बराच वेळ खालच्या गिअरात, जास्त भाराने चालते. इंजिनाचे फेरे वाढतात, पण वेग कमी असल्याने रेडिएटरला व ऑइल चेंबरला वारा कमी मिळतो. अशा वेळी तेल १२० से.च्या आसपास तापू शकते. बेअरिंगच्या फटीत तापमान त्याहूनही चढते.

संश्लेषित वंगणाचा उगम वादग्रस्त आहे. काही लेखक तो फ्रीडेल व क्राफ्ट्स या रसायनशास्त्रज्ञांच्या १८७७च्या प्रयोगांपर्यंत नेतात. हेतुपूर्वक वंगण म्हणून केलेली निर्मिती मात्र अमेरिकेत १९२९च्या सुमारास सुरू झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘सिंथेटिक’ शब्दाची व्याप्तीही एकसारखी नाही. पूर्वी तो प्रामुख्याने पॉलिअल्फाओलेफिन (मूळ तेलांच्या वर्गीकरणातला गट ४) व एस्टर (गट ५) या रासायनिक रीतीने घडवलेल्या तेलांना लावला जाई. १९९९मध्ये अमेरिकेतील जाहिरात-नियामक निवाड्याने हायड्रोक्रॅकिंग (हायड्रोजनच्या साहाय्याने रेणू मोडून शुद्धीकरण) केलेल्या खनिज तेलालाही (गट ३) तो लावण्यास वाव मिळाला. जर्मनीत ‘पूर्ण सिंथेटिक’ची कल्पना साधारणतः जुन्या अर्थाचीच राहिली. त्यामुळे डब्यावरचा हा शब्द निवडीस अपुरा आहे.

निर्णायक आकडे तांत्रिक पत्रकात मिळतात. ‘५डब्ल्यू-४०’सारख्या खुणेत डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतले वाहणे, तर नंतरचा तापल्यावरची प्रत दाखवतो. एसएई या अभियंता-संस्थेच्या जे३०० वर्गीकरणात ४० प्रतीची १०० से.ला श्यानता (घट्टपणा) १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते. घाटात त्याहून महत्त्वाची ठरते ती १५० से. व सेकंदाला दहा लाख इतक्या कर्तनदरावर (तेलाचे थर एकमेकांवरून घसरण्याच्या दरावर) मोजलेली एचटीएचएस (उच्च तापमान, उच्च कर्तन) श्यानता. ५डब्ल्यू-४० व १०डब्ल्यू-४०साठी ती किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद, १५डब्ल्यू-४०साठी ३.७, तर ३० प्रतीसाठी केवळ २.९ लागते.

बहुश्रेणी तेल तापल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळीचे पॉलिमर घालतात. बेअरिंगमध्ये, विशेषतः गिअरदात्यांत, या साखळ्या तुटतात आणि श्यानता कायमची घटते. हे तपासण्यासाठी तेल डिझेल इंजेक्टरमधून ३० वेळा दाबून काढतात. त्यानंतरही ते आपल्याच प्रतीत राहावे, अशी एसीईए या युरोपीय वाहन-उत्पादक संघटनेची अट आहे. प्रतीच्या दोन्ही आकड्यांत (उदा. ५ व ४०) अंतर जितके मोठे, तितका पॉलिमरचा वाटा सहसा अधिक. मूळ तेलाचा श्यानता-निर्देशांक चांगला असेल, म्हणजे तापमानाने त्याची श्यानता कमी बदलत असेल, तर पॉलिमर कमी पुरतो. बेळगावात थंडीतही पारा क्वचितच १० से.खाली जातो. ०डब्ल्यूची गरज हवामानामुळे पडत नाही, ५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यू पुरते. नोआक बाष्पनशीलता (चाचणीत तापवल्यावर उडून जाणारा तेलाचा वाटा) १३ टक्क्यांपर्यंत असावी. अधिक असल्यास तेल उडून पातळी घटते.

प्रथम वाहन-पुस्तिकेत मान्य असलेल्या प्रती पाहाव्यात व त्यांतूनच एचटीएचएस जास्त असलेली घ्यावी. ०डब्ल्यू-२०साठी बांधलेल्या इंजिनात परस्पर ५० प्रत घालू नये : जाड तेल बारीक मार्गांतून उशिरा पोहोचते आणि तेलदाबावर चालणारी व्हॉल्व्ह-यंत्रणा मंदावते. पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीस कमी राखेचे तेल (उदा. एसीईए सी३, राख ०.८ टक्क्यांपर्यंत) लागते. मोटरसायकलीत क्लच व गिअर त्याच तेलात असल्याने जासो एमए२ हे जपानी मानक पाहावे. तेथे पॉलिमर लवकर तुटतो.

तेल पातळ झाल्याची खूण म्हणजे घाट चढून आल्यावर आयडलिंगला ऑइलचा लाल दिवा लुकलुकणे. लगेच इंजिन बंद करून, सपाट जागी दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. पातळी न भरता वाढली असेल व डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल मिसळले आहे. शहरातल्या थोड्या-थोड्या फेऱ्यांत पार्टिक्युलेट फिल्टरमधली काजळी जाळण्याची प्रक्रिया अर्धवट सुटल्याने असे घडते. मग तेल कितीही भारी असो, ते ऑइल फिल्टरसह बदलावेच लागते.

उसाच्या हंगामात निपाणी, चिकोडी, अथणी भागांत भरलेल्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांत बहुधा १५डब्ल्यू-४० खनिज तेल वापरतात. काजळीने ते उलट घट्टही होते. तेथे बदल किलोमीटरवर नव्हे, तासमापकावर ठरतो.