रेकीची पहिली लेव्हल दोन दिवसांत कशी बसली

रेकी म्हणजे अंगावर हात ठेवून उपचार करायची जपानी पद्धत. रेकी हीलर, म्हणजे असा उपचार करणारा, व्हायचं ठरवलं की कुठेही गेलात तरी साधारण एकच जिना समोर येतो. पहिल्या लेव्हलला दीक्षा आणि स्वतःवर, दुसऱ्यावर हात कसे ठेवायचे ते. दुसऱ्या लेव्हलला उपचाराच्या वेळी वापरायची तीन चिन्हं आणि दूरच्या माणसाला रेकी पाठवणं. त्यापुढे मास्टर, म्हणजे चौथं चिन्ह आणि इतरांना दीक्षा द्यायचा अधिकार. पहिली लेव्हल बऱ्याच ठिकाणी एका शनिवार-रविवारात होते. शिकणाऱ्याला वाटतं, हे पहिल्यापासून असंच चालत आलं असेल. तसं नाही. आजचा हा अभ्यासक्रम तीन माणसांच्या हातांतून गेला आहे, आणि प्रत्येकाने त्यात आपल्या गरजेप्रमाणे काही बदललं आहे.

पहिले मिकाओ उसुई. जन्म १८६५, जपानच्या गिफू प्रांतातला. १९२२ मध्ये क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर त्यांनी २१ दिवस उपवास आणि साधना केली, तिथे त्यांना रेकीचा अनुभव आला, आणि त्याच वर्षी तोक्योत त्यांनी आपली संस्था सुरू केली. ‘रेकी’ हा शब्द मात्र त्यांच्या आधीचा. त्या काळात जपानमध्ये मनाच्या आणि प्राणशक्तीच्या बळावर उपचार करणाऱ्यांची मोठी लाट होती, आणि त्यातले काहीजण हा शब्द आधीपासून वापरत होते. याने उसुईंचं मोठेपण कमी होत नाही. त्यांनी त्या गर्दीतून एक साधी, कुणालाही शिकता येईल अशी पद्धत उभी केली. सप्टेंबर १९२३ मध्ये कांतो भागात महाभूकंप झाला, तोक्यो आणि योकोहामा होरपळून निघाले, तेव्हा उसुई जखमींवर उपचार करत फिरले. मार्च १९२६ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी शिष्यांनी तोक्योतल्या साइहोजी मंदिराच्या आवारात त्यांचा स्मारकशिलालेख उभारला. त्यांनी दोन हजारांहून जास्त लोकांना शिकवलं, असं त्यावर कोरलं आहे.

त्यांच्या संस्थेत शिकणं कसं होतं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दीक्षा एकदा घेतली की संपलं, असं नव्हतं. साधक पुन्हा पुन्हा जमायचे, आणि त्या बैठकांमध्ये गुरू पुन्हा पुन्हा दीक्षा देत. सोबत पंचतत्त्वांचं पठण व्हायचं: फक्त आजच्या दिवसापुरतं रागावू नकोस, चिंता करू नकोस, कृतज्ञ राहा, काम मनापासून कर, सगळ्यांशी प्रेमाने वाग. आणि मुख्य अभ्यास हातांचा. अंगावर हात फिरवताना कुठे ऊब लागते, कुठे मुंग्या येतात, कुठे ठोके जाणवतात, ते ओळखायचं. त्याला ‘ब्योसेन’ म्हणत. ठराविक वेळ झाली म्हणून हात उचलायचा नाही, ती जाणीव ओसरेपर्यंत तिथेच ठेवायचा. हात असे तयार झाले आहेत असं गुरूला पटलं, की पुढची पायरी.

दुसरे चुजिरो हयाशी, नौदलातले अधिकारी. उसुईंच्या शेवटच्या काळात ते त्यांच्याकडे शिकले आणि तोक्योत त्यांनी स्वतःचं उपचार केंद्र काढलं. त्यांनी रेकीला दवाखान्याची शिस्त लावली. खाटा मांडलेल्या, एका रुग्णाजवळ दोघे उपचार करणारे, कोणत्या तक्रारीला हात कुठे ठेवायचे याची छापील पुस्तिका. शिकवणं आता सलग काही दिवसांच्या वर्गांत आलं. पण वर्ग झाल्यावर शिष्याने केंद्रात प्रत्यक्ष काम करायचं, हा भाग पक्का राहिला.

याच केंद्रात १९३५ मध्ये हवायो ताकाता आल्या. जन्म १९०० चा, हवाईतल्या काउआई बेटावरचा, आईवडील जपानहून मजुरीला आलेले. नवरा १९३० मध्ये गेला होता, पदरात दोन मुली, आणि तब्येत पार ढासळलेली. ऑपरेशन ठरलं होतं, ते सोडून त्या हयाशींकडे आल्या. पुढचा प्रसंग त्यांनी स्वतः सांगितलेला आहे. खाटेवर पडल्यावर हातांची इतकी ऊब जाणवली की त्यांना यंत्राचा संशय आला. त्यांनी खाटेखाली पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि शेवटी उपचार करणाऱ्याच्या किमोनोची बाही धरून आत काय आहे ते चाचपलं. आत काहीच नव्हतं. बऱ्या झाल्यावर त्या तिथेच राहिल्या, केंद्रात काम करत शिकल्या, आणि १९३८ मध्ये हयाशींनी त्यांना हवाईत मास्टर म्हणून प्रमाणपत्र दिलं. १९४० मध्ये हयाशी गेले.

पुढे पर्ल हार्बर झालं. अमेरिकेत जपानी माणसाकडे संशयाने बघितलं जाऊ लागलं, आणि जपानी उपचारपद्धती शिकवणं सोपं राहिलं नाही. ताकाता सांगत त्या कथेत उसुई ख्रिस्ती शिक्षक होते आणि शिकागो विद्यापीठात शिकले होते. त्या विद्यापीठाच्या नोंदींमध्ये त्यांचं नाव सापडलेलं नाही, आणि शिलालेखातही असं काही नाही. पाश्चात्त्य साधकांपर्यंत त्या शिलालेखाचा मजकूर पोहोचला तो १९९० च्या दशकात, तोपर्यंत ही कथा जगभर पसरलेली होती. मला स्वतःला ताकातांचा राग येत नाही. त्यांनी ही विद्या टिकवली, आणि ज्यांच्यापर्यंत ती न्यायची त्यांना ऐकवेल अशा भाषेत ती सांगितली.

त्यांनी लावलेली फी मात्र आजच्या बाजाराचं मूळ आहे. मास्टरसाठी दहा हजार डॉलर. फुकट मिळालेल्या गोष्टीची कदर राहत नाही, असं त्या म्हणत, आणि उसुईंनी भिकाऱ्यांना बरं केलं तरी ते पुन्हा भीक मागायला लागले, ही गोष्ट त्यासाठी सांगत. पहिल्या लेव्हलचं शिक्षण त्यांनी चार दिवसांवर आणलं होतं. चिन्हं कागदावर ठेवू देत नसत, पाठ करून घेत. डिसेंबर १९८० मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांनी केलेले मास्टर होते फक्त २२. ते एकत्र जमले तेव्हा लक्षात आलं की प्रत्येकाच्या स्मरणातली चिन्हं थोडी थोडी वेगळी आहेत.

नंतर बांध फुटला. कोणताही मास्टर नवा मास्टर करू शकतो, हे मान्य झालं. काहींनी फी खूप उतरवली, त्यामुळे हजारो सामान्य लोकांना दार उघडलं, आणि हे चांगलंच झालं. पण चार दिवसांचे दोन झाले, पुढे दोन लेव्हल एकाच आठवड्यात बसल्या, ‘ग्रँड मास्टर’सारख्या पदव्या आल्या. या बिरुदांचा उसुईंच्या संस्थेशी संबंध नाही.

म्हणून शिकायला जाताना माझं एकच सांगणं असतं. गुरूची परंपरा विचारा, आणि त्याहून आधी हे विचारा की वर्ग संपल्यावर सराव कुठे आणि किती करायला मिळेल. रोज स्वतःवर हात ठेवा, वर्षभर ओळखीच्यांना द्या, प्रत्येक वेळी हातांना काय जाणवलं ते वहीत लिहा. बहुतेक देशांत रेकी हीलरला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र म्हणजे गुरूचा शब्द, एवढंच. कोणत्याही आजारावर रेकी नक्की उपयोगी पडते, असं संशोधनाने अजून सिद्ध झालेलं नाही. स्वस्थता, शांत झोप, कुणीतरी तासभर आपल्याजवळ बसलं हा दिलासा, एवढं आपण मनापासून देऊ शकतो. आजाराचं निदान करायचं नाही आणि कुणाचं औषध बंद करायला सांगायचं नाही. हे ज्याला पाळता येत नाही त्याने दुसऱ्यावर हात ठेवू नये.

ताकातांना प्रमाणपत्र मिळालं त्याच १९३८ साली जपानमध्ये चियोको यामागुची नावाची सतरा वर्षांची मुलगी हयाशींकडे शिकली. लग्न झालं, मांचुरियात राहिली, युद्धानंतर परतली. पुढची कितीतरी दशकं ती घरातल्यांच्या दुखण्याखुपण्यावर हात ठेवत राहिली, जसं आपण पोराच्या तापलेल्या कपाळावर ठेवतो तसं. लोकांनी शोधत येऊन विचारल्यावर, ऐंशीकडे झुकलेल्या वयात, मुलाला सोबत घेऊन ती शिकवायला बसली.