बर्फाने घडवलेला कॅनडा

सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी आजच्या कॅनडाचा जवळजवळ सगळा भूभाग बर्फाखाली होता. मध्य आणि पूर्व भागावर पसरलेली लॉरेंटाइड हिमचादर हडसन उपसागराच्या परिसरात तीन किलोमीटरहून अधिक जाड होती आणि पश्चिमेच्या पर्वतरांगा कॉर्डिलेरन नावाच्या दुसऱ्या हिमचादरीने झाकल्या होत्या. क्षेत्रफळाने जगात दुसऱ्या क्रमांकाच्या या देशात पर्यटक जे पाहायला जातात, त्यातले बरेचसे या बर्फाने घडवलेले किंवा तो वितळून गेल्यामुळे घडलेले आहे. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत मात्र सरोवरे, धबधबे आणि अस्वले वेगवेगळ्या पानांवर येतात आणि त्यांच्यातला हा धागा दिसत नाही. लाव्हाने रचलेल्या आणि पावसाने कोरलेल्या सह्याद्रीत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना बर्फाची कारागिरी ओळखण्याची सवय नसते, म्हणूनही तो धागा आधी समजून घेतलेला बरा.

रॉकी पर्वतातल्या लुईस, मोरेन आणि पेटो या सरोवरांचा रंग छायाचित्रात पाहिला की तो संगणकावर चढवला असावा, अशी शंका अनेकांना येते. तो रंग खरा आहे. हिमनदी उतारावरून सरकते तेव्हा तिच्या तळाशी अडकलेले दगड खालच्या खडकावर घासले जातात आणि जात्यात धान्य दळले जावे तसे त्या खडकाचे पीठ होते. हे कण इतके सूक्ष्म असतात की सरोवराच्या शांत पाण्यातही ते दीर्घकाळ तरंगत राहतात. सूर्यप्रकाशातला लाल रंग पाणी स्वतःच शोषून घेते; तरंगणारे कण उरलेल्या प्रकाशातला निळा आणि हिरवा भाग विखुरतात आणि आपल्याला फिरोजी रंग दिसतो. हिमनदीतून निघालेला ओढा मात्र राखाडी, गढूळ असतो, कारण त्यात जाडसर गाळही असतो. हा गाळ सरोवराच्या मुखाशीच खाली बसतो आणि फक्त पीठ पुढे जाते. बो समिट येथील सज्जावरून पेटो सरोवराकडे पाहिले, तर एका टोकाला गाळाचा राखाडी पसारा आणि त्यापुढे एकाएकी सुरू होणारा निळा विस्तार, असे दोन्ही एकाच दृष्टिक्षेपात दिसतात.

या उलगड्याचा प्रवाशाला थेट उपयोग आहे. जूनच्या सुरुवातीला हिमनद्या पुरेशा वितळलेल्या नसतात आणि काही सरोवरांवर तर बर्फही टिकून असतो. रंग खऱ्या अर्थाने भरतो तो जुलै आणि ऑगस्टमध्ये. मोरेन सरोवराच्या रस्त्यावर २०२३ पासून खासगी मोटारींना प्रवेश नाही, त्यामुळे बसची जागा आधी राखून ठेवावी लागते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वरची हिमनदी नाहीशी झाली की पिठाचा पुरवठा थांबतो, पाणी स्वच्छ होते आणि सरोवर साध्या गडद निळ्या रंगाचे होते. हा फिरोजी रंग म्हणजे हिमनदी अजून जिवंत असल्याची खूण आहे.

लुईस सरोवरापासून जॅस्परपर्यंतच्या सुमारे २३० किलोमीटरच्या आइसफील्ड्स पार्कवे या रस्त्यावर कोलंबिया हिमक्षेत्र लागते. तेथील स्नो डोम या शिखराचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या वेगवेगळ्या उतारांवरचे पाणी पॅसिफिक महासागर, आर्क्टिक महासागर आणि हडसन उपसागर अशा तीन दिशांना जाते. या हिमक्षेत्रातून खाली उतरणारी अथाबास्का हिमनदी गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत सुमारे दीड किलोमीटर मागे हटली आहे. तिच्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर सालांचे फलक लावले आहेत आणि प्रत्येक फलक त्या वर्षी बर्फाची कड कोठे होती ते सांगतो. फलकांमधली ही चाल मला अजस्र चाकांच्या बसमधून बर्फावर मारलेल्या फेरीपेक्षा अधिक बोलकी वाटते. बर्फावर पाऊल ठेवायचेच असेल, तर वाटाड्याशिवाय ठेवू नये. ताज्या हिमाने झाकलेल्या खोल भेगा वरून अजिबात दिसत नाहीत आणि त्यांत पडून माणसे दगावली आहेत.

बर्फ दगड दळतो, तसा तो वाहूनही नेतो. कॅल्गरीच्या दक्षिणेला ओकोटोक्स गावाजवळ सपाट गवताळ माळावर सुमारे १६,५०० टन वजनाचा क्वार्टझाइट या कठीण खडकाचा एक दगड एकटाच उभा आहे. त्या परिसरात त्या जातीचा खडक नाही. जॅस्परजवळच्या पर्वतात दरड कोसळून हिमनदीच्या पाठीवर पडलेला हा दगड बर्फाबरोबर शेकडो किलोमीटर दक्षिणेला आला आणि बर्फ वितळल्यावर तेथेच राहिला.

टोरांटोकडच्या नातेवाइकांकडे गेलेला मराठी माणूस नायगारा पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. हा धबधबाही हिमचादर मागे हटल्यावर, सुमारे १२,५०० वर्षांपूर्वी सुरू झाला आणि त्यानंतर सुमारे ११ किलोमीटर मागे सरकला. वरचा कठीण, चुनखडीसारखा डोलोमाइटी खडक टिकतो, खालचा शेल हा मऊ, चिखलाचा खडक झिजतो आणि आधार गेलेली कड तुटून पडते, अशी ही प्रक्रिया आहे. वीजनिर्मितीसाठी बरेच पाणी वळवले जात असल्याने आता ती मंदावली आहे. कॅनडा आणि अमेरिका यांच्या १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा सेकंदाला किमान २,८३२ घनमीटर पाणी धबधब्यावरून सोडावे लागते; रात्री आणि हिवाळ्यात याच्या निम्मे पुरते. तेव्हा दिवसा दिसणारा नायगारा काही अंशी आपल्यासाठीच सोडलेला असतो.

बर्फाच्या वजनाची गोष्ट यापेक्षा विलक्षण आहे. तीन किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली पृथ्वीचे कवच शेकडो मीटर दबले होते आणि त्याखालचे प्रावरण, म्हणजे कवचाखालचा खडकाचा जाड थर, हळूहळू बाजूला सरकले होते. बर्फ गेला, तरी प्रावरण अतिशय संथ वाहत असल्याने कवच अजून पूर्वपदावर आलेले नाही. हडसन उपसागराच्या काठावरील चर्चिल येथे जमीन आजही वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वर येत आहे. तेथील स्लूप्स कोव्ह या खाडीत अठराव्या शतकात हडसन्स बे कंपनी या ब्रिटिश व्यापारी कंपनीची लहान शिडाची जहाजे हिवाळ्यात बांधून ठेवत. खडकात ठोकलेल्या लोखंडी कड्या आणि कंपनीच्या सॅम्युअल हर्न या माणसाने १७६७ मध्ये कोरलेले स्वतःचे नाव आजही तेथे आहे, पण जहाज आत येण्याइतके पाणी आता राहिलेले नाही. अडीचशे वर्षांत जमीन सुमारे अडीच मीटर वर आल्याचा हा हिशेब कोणत्याही उपकरणाशिवाय वाचता येतो.

देशाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंडच्या ग्रोस मोर्न राष्ट्रीय उद्यानात, जमिनीच्या याच वर येण्याने एक फ्योर्ड, म्हणजे उंच कड्यांमधली समुद्राची चिंचोळी खाडी, समुद्रापासून तोडला. हिमनदीने कोरलेल्या आणि सुमारे ६०० मीटर उंच कड्यांमधल्या या वेस्टर्न ब्रूक पाँडमध्ये आता गोडे पाणी आहे. दलदलीतून सुमारे तीन किलोमीटर चालत गेल्यावर तेथील बोटीचा धक्का येतो.

चर्चिलला जाण्यासाठी रस्ता नाही. विनिपेगहून रेल्वेने किंवा विमानाने जावे लागते. उन्हाळ्यात नदीच्या मुखाशी बेलुगा देवमासे येतात, पण जगभरचे लोक जमतात ते ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये, ध्रुवीय अस्वलांसाठी. उपसागरावरचा बर्फ वितळल्यावर किनाऱ्यावर आलेली ही अस्वले जवळजवळ उपाशी असतात, कारण सील पकडायला त्यांना समुद्रावरचा बर्फच लागतो. चर्चिल नदीच्या गोड्या पाण्यामुळे या भागात बर्फ लवकर धरतो आणि म्हणून ती येथे येऊन थांबतात. पश्चिम हडसन उपसागराच्या पाहणीत २०१६ मध्ये ८४२ अस्वले असल्याचा अंदाज निघाला होता. २०२१ मध्ये तो ६१८ वर आला. बर्फाचा हंगाम आखडत चालला आहे, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे. युकॉन प्रदेशातील डॉसनचा परिसर हिमयुगातही हिमचादरीबाहेर राहिला. थंडी तेथे कमी नव्हती. कमी होती ती बर्फवृष्टी, कारण किनाऱ्यालगतचे उंच पर्वत पॅसिफिकवरून येणारे बाष्प अडवून धरत. त्यामुळे टेकड्यांमधून लाखो वर्षे धुपून ओढ्यांच्या वाळूत साचलेले सोने खरवडून नेणारी हिमनदी तेथे आलीच नाही. ऑगस्ट १८९६ मध्ये बोनान्झा ओढ्यात ते सापडले आणि क्लोंडाइक या तेथील भागाकडे सोन्यासाठी धावणाऱ्यांची प्रसिद्ध झुंबड उडाली. पसरट थाळीत वाळू धुऊन सोने शोधण्याचा अनुभव आजही तेथे पर्यटकांना घेता येतो. त्याच सुवर्णक्षेत्रात जून २०२२ मध्ये एका खाणकामगाराला गोठलेल्या मातीत लोकरी मॅमथचे जवळजवळ संपूर्ण पिल्लू सापडले. ते तीस हजार वर्षांहून जुने असून त्याची कातडी आणि केस शाबूत आहेत. ट्रोंडेक ह्वेचिन या स्थानिक आदिवासी समाजातील ज्येष्ठांनी त्याचे नाव नुन चो गा असे ठेवले.