वस्तीत कॅम्प घ्यायचाय? नागपूरच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

फर्स्ट इयरची पोरं हॉस्टेलला जरा रुळली की मेसमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "सर, आमच्या वस्तीत बीपी-शुगरचा कॅम्प घ्यायचाय, परवानगी कुठून काढायची?" मी सध्या इंटर्न आहे. असे अर्ज लिहून, फिरवून आणि एकदा हरवूनही झाले आहेत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी एक घोळ मिटवू. फॅमिली अडॉप्शन, म्हणजे गावातली कुटुंबं वाटून घेऊन त्यांना भेटी देणं, ही स्वयंसेवा नाही. 2021-22 च्या बॅचपासून ते अभ्यासक्रमात आहे. गाव कॉलेज ठरवतं, कुटुंबं पीएसएम (जनऔषधवैद्यकशास्त्र) विभाग वाटून देतो, आणि तीन वर्षांत मिळून 78 तासांच्या भेटी असतात. त्यासाठी अर्ज लागत नाही, हजेरी लागते. या भेटी एनएसएसच्या सेवेचे तास म्हणून दाखवायचा मोह होतो, पण तो टाळा. एनएसएसच्या प्रोग्रॅम ऑफिसरच्या ते लगेच लक्षात येतं.

स्वयंसेवेचा सरळ रस्ता म्हणजे एनएसएस, राष्ट्रीय सेवा योजना. 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात ती सुरू झाली. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) ही नागपूरची दोन्ही कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे तिथे नोंदणी कॉलेजच्या युनिटमार्फत होऊन विद्यापीठाकडे जाते. एम्स स्वतःच पदवी देणारी संस्था असल्याने तिथली चौकशी तिथेच करा. पात्रता एवढीच, की तुम्ही नियमित विद्यार्थी असावं आणि एनसीसीत नसावं. एका युनिटमध्ये साधारण 100 जण घेतात, म्हणून सूचना फलकावर कागद लागला की त्याच आठवड्यात फॉर्म भरा. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स, दोन फोटो आणि रक्तगट द्यायचा. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि त्यात एक सात दिवसांचं विशेष शिबिर. हे सगळं भरलं तरच प्रमाणपत्र मिळतं. 200 तास करून शिबिर चुकवलेले दोघं माझ्याच बॅचमध्ये आहेत, त्यांच्या हाती काही लागलं नाही.

केंद्राच्या 'माय भारत' पोर्टलवर 15 ते 29 वयाच्या कुणालाही मोफत नोंदणी करता येते. मोबाइलवर ओटीपी येतो, पाच मिनिटांचं काम. मात्र त्या नोंदणीने वस्तीत कॅम्प घ्यायची परवानगी मिळत नाही. ती वेगळी काढावी लागते.

परवानगी कुणाची?

सिनियर सांगतील, "एनएमसीची परवानगी घे." नागपुरात एनएमसी म्हणजे महानगरपालिका, आणि आपल्या क्षेत्रात राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. आयोगाला पत्र लिहायला बसू नका, इथे मनपाच अभिप्रेत आहे.

शहरात मनपाचे दहा झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. तुमची वस्ती कोणत्या झोनमध्ये आणि कोणत्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राखाली येते ते आधी काढा. गुगल मॅपपेक्षा तिथल्या आशाताईला विचारा. कोणत्या गल्लीत कोण आजारी आहे, कोणत्या घरी दुपारीच माणूस भेटतो, हे तिला तोंडपाठ असतं. अर्ज केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे करा आणि प्रत झोन कार्यालयाला द्या. कामठी, हिंगणा, सावनेरकडच्या गावात जायचं असेल तर अर्ज तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जातो, आणि ग्रामपंचायतीचं पत्र वेगळं लागतं.

मजकूर साधा ठेवा: "विषय: दि. ___ रोजी सकाळी 7 ते 10 या वेळेत ___ येथे रक्तदाब व रक्तशर्करा तपासणी आणि आरोग्य प्रबोधनास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की..." सकाळी 7 हे उगाच लिहिलेलं नाही. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये दहानंतर मंडपात म्हाताऱ्या माणसांना बसवून ठेवणं म्हणजे आपणच पेशंट तयार करणं.

अर्जाला सगळ्यात आधी जोडायचं ते डीन किंवा विभागप्रमुखांचं अग्रेषण पत्र. याशिवाय बाकीचा गठ्ठा कुणी उघडूनही पाहत नाही. त्यामागे विद्यार्थ्यांची यादी, म्हणजे नाव, वर्ष, रोल नंबर आणि मोबाइल, आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स. फर्स्ट इयरला कुणी 17 वर्षांचं असतं, त्यांच्या पालकांचं संमतीपत्र घ्या. जागा समाजभवन असो, बुद्धविहार असो की मंदिराचं सभागृह, विश्वस्तांचं ना-हरकत पत्र लागतं. शाळेत कार्यक्रम असेल तर मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्या. लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्यातही जावं लागेल. मी तर म्हणतो, लावूच नका.

आणि एक पत्र बहुतेक जण विसरतात: कॅम्पला हजर राहणाऱ्या डॉक्टरांचं संमतीपत्र, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी क्रमांकासह. खरं तर याच कागदावर सगळा कॅम्प उभा असतो.

तुम्हाला काय करता येतं

एप्रन घातला की वस्तीतली माणसं डॉक्टरच समजतात. पहिल्याच कॅम्पला एका आजींनी गोळ्यांची अख्खी पिशवी माझ्यासमोर ओतली. "बाप्पा, यातली कोणती बंद करू सांगून दे ना जी." सेकंड इयरला होतो, फार्माकॉलॉजी नुकतंच वाचायला घेतलेलं, उत्तर जिभेवर होतं. पण उत्तर द्यायचं नसतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा 2019 च्या कलम 34 नुसार नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कॅम्पमध्ये गोळी लिहिणं, बंद करणं किंवा डोस बदलणं हे हजर डॉक्टरांचं काम. तुम्ही बीपी मोजा, वजन-उंची घ्या, माहिती सांगा, नोंद ठेवा आणि पेशंट पुढे पाठवा. ती पिशवी मी डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. एकच बीपीची गोळी दोन वेगळ्या नावांनी चालू होती.

नोंदवहीत आकडे खरे लिहा. सकाळी तर्री पोहे हाणून आलेल्या काकांची शुगर 'उपाशीपोटी' या रकान्यात टाकू नका, वेळ आणि शेवटचं खाणं लिहा. शेवटचा रकाना 'कुठे पाठवलं' आणि त्याच्या बाजूला 'गेले का' असा ठेवा. हा दुसरा रकाना भरायला पंधरा दिवसांनी पुन्हा वस्तीत जावं लागतं, म्हणून तो जवळपास सगळ्याच वह्यांत कोरा असतो.

बोटाला लॅन्सेट (रक्ताचा थेंब काढायची बारीक सुई) टोचली की जैववैद्यकीय कचरा तयार झाला. 2016 च्या नियमांत कॅम्पही येतात. लॅन्सेट पांढऱ्या, टोचलं तरी न फाटणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. हा कचरा कोणतं रुग्णालय परत नेणार, ते अर्जातच लिहा. मनपाच्या घंटागाडीत तो जाता कामा नये. स्वतःचे हिपॅटायटिस बी चे डोसही पूर्ण झालेले असू द्या.

विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं काम हमखास निघतं. राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली, 2047 पर्यंतचं उद्दिष्ट आहे, आणि 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते. इथे स्वतंत्र कॅम्प काढू नका, आरोग्य केंद्राच्या पथकासोबत जा. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार ठरला असं होत नाही. ती फक्त चाळणी आहे. वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्या केल्यावर कळतं. निकाल मोठ्याने वाचून दाखवू नका. लग्नाच्या वयाच्या मुलीचं नाव आणि 'पॉझिटिव्ह' हे दोन शब्द मंडपात एकत्र उच्चारले की संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या मोहल्ल्यात पोचतात, आणि ती नुसती वाहक आहे हे ऐकून घ्यायला मग कुणी थांबत नाही. फोटोही विचारूनच काढा.

रक्तदान शिबिर परवानाधारक रक्तकेंद्रच घेतं, तुम्ही फक्त माणसं आणि जागा जमवता. रक्तदात्याचं वय किमान 18, वजन 45 किलो आणि हिमोग्लोबिन 12.5 हवं, म्हणजे हॉस्टेलचे निम्मे उत्साही तिथेच गळतात. टीबीच्या रुग्णांसाठी काही करायचं असेल तर रूममेट मिळून नि-क्षय मित्र व्हा. पोर्टलवर नोंदणी करून, संमती दिलेल्या रुग्णाला किमान सहा महिने धान्य-डाळ-तेलाचं पोषण किट द्यायचं असतं. सहा महिन्यांत एखादी प्रोफ (विद्यापीठाची परीक्षा) येतेच, तेव्हा पैसे आधी बाजूला काढा.

आता हरवलेल्या अर्जाची गोष्ट. एका कार्यालयात मी अर्ज टेबलावर ठेवून आलो, "पाहतो" म्हणाले. पंधरा दिवसांनी गेलो तर तसा कागद आलाच नाही म्हणे. तेव्हापासून दोन प्रती नेतो आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय जिना उतरत नाही. तारखेच्या निदान तीन आठवडे आधी द्या.

कॅम्प झाल्यावर किती जण आले, किती पुढे पाठवले, एवढा एका पानाचा अहवाल केंद्राला आणि विभागाला द्या. तासांच्या वहीवर वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही त्याच दिवशी, मंडप सोडायला सुरुवात व्हायच्या आधी घ्या. आम्ही "सोमवारी येतो मॅडम" म्हणून निघालो होतो. सोमवारी मॅडमची बदली झालेली होती, आणि नव्या सरांनी न पाहिलेल्या कामावर सही करायला नकार दिला. दहा जणांचे सहा-सहा तास त्या वहीत अजून पेन्सिलीने लिहिलेले आहेत.