आडनावाआधीची माणसे: न्यूयॉर्कच्या डच-इंग्रज वंशावळींची पार्श्वभूमी

१६६४ साली न्यू ॲमस्टरडॅम, म्हणजे आजचे न्यूयॉर्क, इंग्रजांकडे गेले, १६७३ मध्ये डचांनी ते परत जिंकले आणि १६७४ च्या तहाने पुन्हा सोडले. वंशावळ शोधणाऱ्याचे घोडे मात्र या सत्तांतरांपेक्षा आडनावापाशी जास्त अडते.

‘डच आडनाव’ हा शब्दच फसवा आहे. न्यू नेदरलँड या तिथल्या डच वसाहतीतल्या बहुतेकांना कायमचे आडनाव नव्हतेच. यानचा मुलगा हेंड्रिक यान्सन, त्याचा मुलगा पीटर हेंड्रिक्सन. आपल्याकडे बापाचे नाव मधे बसते, तिथे ते शेवटी बसे आणि दर पिढीला बदले. ‘व्हान’ म्हणजे अमुक गावचा, आपल्या ‘-कर’सारखा, त्यात सरदारकी शोधण्यात अर्थ नाही. इंग्रजी अंमलात कायमचे आडनाव रूढ होऊ लागले, तेव्हा कुणी गाव धरले, कुणी धंदा, कुणी बापाचेच नाव गोठवले. सख्खे भाऊ वेगळ्या आडनावांनी निघाले ते असे. ब्रुकलिनच्या वायकॉफ घराण्याचा मूळपुरुष १६३७ साली आला. ‘वायकॉफ’ हे नाव लागले इंग्रज आल्यानंतर. जन्माने तर तो आजच्या जर्मनीतला.

बायकांची गोष्ट आणखी वेगळी. डच बाई लग्नानंतरही बापाचेच नाव लावी. १६३९ पासूनच्या बाप्तिस्मा-नोंदींत आईचे स्वतःचे नाव येते, साक्षीदारांचीही येतात, आणि साक्षीदार बहुधा आजी-आजोबा, मामा, आत्या असेच. लाँग आयलंडवरच्या हेम्पस्टेड, ग्रेव्हसेंडसारख्या इंग्रज वस्त्यांत बायको नवऱ्याच्या नावात विरघळे. शिवाय इंग्रजांचे वर्ष १७५२ पर्यंत २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारीतले मूल कागदावर सहज एका वर्षाने मोठे दिसते.

असे असताना १८८५ साली न्यूयॉर्कमध्ये डच वंशजांची जी संस्था निघाली, तिने सभासदत्वासाठी अट घातली: पूर्वज १६७५ पर्यंत डच वसाहतीत राहिलेला हवा आणि नाते थेट पुरुषवंशाचे हवे. कालमर्यादा समजते, डच सत्ता नुकतीच संपली होती. पुरुषवंशाची अट मात्र डच कागदांवर इंग्रजी टोपी चढवणारी. ज्या नोंदींनी आईचे नाव जपले, त्यांच्याच आधारे लेकीची शाखा बाद! बचाव असा की मर्यादा नसती तर अर्धे राज्य सभासद झाले असते. ते खरेही असेल, पण गर्दी आवरायला लेकीच का सापडल्या? या अटीमुळे छापील वंशावळी बापाच्या रेषेत फुगल्या आणि आईच्या रेषेत खुंटल्या.

लेकींच्या वंशजांचा बाजार इतरांनी मांडला. मॅनहॅटनमधल्या एका विधवेची ६२ एकर शेती तिच्या वारसांनी १६७१ मध्ये विकली. एका वारसाची सही राहिली. पुढे ती जमीन एका चर्चकडे गेली. त्या एका सहीवर दोन शतके दावे चालले. त्या विधवेचा बाप राजघराण्यातला असल्याच्या बनावट वंशावळी निघाल्या आणि भामट्यांनी ‘वारसां’कडून वर्गणी उकळली.

१९११ मध्ये न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी इथल्या राज्य ग्रंथालयाला आग लागली. डच दप्तर खालच्या फळ्यांवर होते, म्हणून बरेचसे वाचले. कडा जळालेल्या त्या पानांच्या नव्या भाषांतराचे काम १९७४ पासून चालू आहे. त्यांत बायका कर्ज वसूल करताना, खटले लढताना भेटतात, त्याही स्वतःच्या नावाने.