गोंगशिन व्यक्तिचित्रे

कोरियातील जोसॉन राजवटीत (१३९२–१९१०) राज्यावर आलेले संकट निवारणाऱ्या किंवा राजाला गादी मिळवून देणाऱ्या अधिकाऱ्यांना ‘गोंगशिन’ हा किताब दिला जाई. किताबासोबत जमीन, गुलाम, सनद आणि राजाज्ञेने काढलेले व्यक्तिचित्र मिळे. हे चित्र ‘दोह्वासो’ या सरकारी चित्रशाळेतील चित्रकार काढत. मानकऱ्याच्या मृत्यूनंतर वंशज त्याची कुलमंदिरात पूजा करत.

मांडणी ठरलेली असे. अधिकारी खुर्चीवर बसलेला, चेहरा किंचित एका बाजूला वळलेला, हात बाह्यांत झाकलेले, पाय पायपाटावर. डोक्यावर काळी जाळीदार टोपी, अंगात गोल गळ्याचा दरबारी झगा. १४५४ पासून छातीवर दर्जादर्शक भरतकामाचा चौकोन आला. मुलकी अधिकाऱ्यांच्या चौकोनात पक्षी, लष्करी अधिकाऱ्यांच्या चौकोनात हिंस्र पशू असत. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या चित्रांत पायाखाली रंगीत गालिचा दिसतो, पुढे त्याच्या जागी विणलेली चटई आली.

खरा कस लागे तो चेहऱ्यावर. एक केस जरी चुकला तरी ते चित्र दुसऱ्या माणसाचे होते, हा नवकन्फ्यूशियन विचार कोरियन चित्रकारांनी अक्षरशः पाळला. पूजा ज्याची करायची, तो तोच असला पाहिजे. म्हणून सुरकुत्या, तीळ, देवीचे व्रण यांपैकी काहीही झाकले जात नसे. आधी तेल लावलेल्या कागदावर कच्चे रेखाटन होई, मग रेशमावर अंतिम चित्र. रेशमाच्या पाठीमागून रंग भरल्यामुळे त्वचेला आतून आल्यासारखी कांती येई. सुरुवातीच्या चित्रांत चेहरा सपाट रंग व रेषांनी उभा केला जाई. नंतरच्या काळात मांसाच्या वळणानुसार असंख्य बारीक फटकारे देऊन उठाव साधला गेला.

या प्रामाणिकपणाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ओ म्यॉंग-हांगचे चित्र. १७२८ चे बंड मोडून काढणारा हा सेनापती त्याच वर्षी आजाराने वारला. चित्रातला त्याचा काळवंडलेला, देवीच्या व्रणांचा चेहरा पाहून आजच्या वैद्यांनी यकृतविकाराचे अनुमान केले आहे. राज्य ज्याचा सन्मान करत होते, त्याचे आजारपण राज्याच्याच चित्रकाराने जसेच्या तसे उतरवले. सन्मानचित्रांच्या परंपरेत इतका निर्भीडपणा विरळाच म्हणावा लागेल.

चित्र जितके सच्चे, तितकी किताबाची यादी सच्ची असेच असे नाही. सिन सुक-जूचे (१४१७–१४७५) चित्र या प्रकारातील सर्वांत जुन्या अवशेषांपैकी एक आहे. हा विद्वान राजा सेजोंगच्या विद्यासभेत कोरियन लिपीच्या कामात सहभागी होता. पण त्याला किताब मिळाला तो पुतण्याची गादी बळकावणाऱ्या सेजोची बाजू घेतल्यामुळे. १५०६ च्या सत्तांतरानंतरच्या यादीत अपात्र माणसे घुसल्याचा आक्षेप ‘जो ग्वांग-जो’ या सुधारणावादी अधिकाऱ्याने घेतला आणि १५१९ मध्ये ७६ जणांचे किताब रद्द करवले. लगेच उलटलेल्या विरोधकांनी त्याचाच बळी घेतला. जपानी आक्रमणानंतर १६०४ मध्ये जाहीर झालेल्या यादींत राजासोबत पळालेले ८६ जण होते, तर लढाईच्या कामगिरीबद्दल केवळ १८. त्या अठरांतला अग्रणी नौसेनापती यी सुन-शिन १५९८ मध्येच रणात पडला होता. त्याचे समकालीन चित्र आज उपलब्ध नाही. १६१३ मध्ये दिलेले किताब तर १६२३ च्या सत्तापालटानंतर रद्दच झाले. तरी त्या वेळची काही चित्रे घराण्यांनी जपून ठेवली.

जोसॉन काळात असे किताब २८ वेळा दिले गेले, शेवटचे १७२८ मध्ये. त्यानंतरही अधिकाऱ्यांची व्यक्तिचित्रे निघत राहिली. वयोवृद्ध मंत्र्यांच्या सन्मानमंडळाच्या चित्रसंग्रहांतही तीच काटेकोर दृष्टी दिसते. राजा सुकजोंग त्या मंडळात दाखल झाल्याच्या सोहळ्याचा १७१९-२० मधील संग्रह आज राष्ट्रीय ठेवा म्हणून जपला आहे.